नळ उना

लग्नाची तिथी नसेल त्या रविवारी
बारी समाजाचं मंगल कार्यालय आम्हाला मिळतं.
एरंडोल, म्हसावद नाक्यापासून जरा आत.
खुर्च्यांवर हळदीचे डाग,
स्टेजमागे थर्माकोलची अक्षरं: चि. सौ. कां.
आणि पुढे नुसता वाळलेला गोंद.
सात लॅपटॉप, अकरा पोरं,
आणि मी, मोबाईल दुरुस्तीवाला,
गिऱ्हाईक नसलेल्या दुपारी
हे सगळं चुकतमाकत शिकलेला.

पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलं, जर.
खाली लिहिलं, तर.
उज्मा पिंजारी म्हणाली, सर,
जर-तरवर घर चालत नाही, अम्मी म्हणते.
म्हटलं, घर नाही चालत. अ‍ॅप चालतं.

पण कशाचं अ‍ॅप, यात दोन रविवार गेले.
कुणाला क्रिकेट हवं, कुणाला वांग्यांचे भाव.
दीपमाला बारी मागून बोलली,
हात वर न करता:
"सर, पानी कव्हय येस, ते सांगणारं करा."
आठव्या दिवशी येणारा नळ,
कधी पहाटे तीनला, कधी भर दुपारी.
दोन चाचण्या तिने हंड्याशेजारी बसून
बुडवल्या होत्या.

मग एकच बटण.
ज्याच्या नळात आधी खाकरलं, त्याने दाबायचं,
गल्लीभर फोन वाजतील.
बटणावर काय लिहावं, यावर भांडण.
शेवटी लिहिलं: नळ उना.
जुन्या फोनवर त्यातला ळ फुटायचा,
नुसता चौकोन दिसायचा,
तासभर आम्ही एका अक्षराची गळती शोधत बसलो.

पाच आठवडे. त्रेचाळीस घरं.
कल्पेश महाजनने सगळ्या नोंदी ओळीने लावल्या,
त्याचा हात अशा कामात स्वच्छ.
आलेख पडद्यावर आला
आणि गढीखालची गल्ली
प्रत्येक वेळी, न चुकता, पहिली.
बाकीच्या सात तिच्या मागे तासाभराने.

कुणी काही बोललं नाही.
एक मुंगी कालच्या अक्षतेतला तांदूळ ओढत होती,
सगळे तिच्याकडे बघत होते,
म्हणजे कल्पेशकडे बघत नव्हते.
व्हॉल्व्ह सोडणारे शालिक महाजन त्याचे वडील.
ती लांब लोखंडी चावी
त्यांच्याच दाराआड उभी असते.

मी म्हणालो, उतार असेल. पाइप जुना असेल.
उकाड्यात पोराच्या अंगावर
मीच एक घोंगडी टाकत होतो.
त्याचा कर्सर त्या ओळीवर
लुकलुकत थांबला होता.
मी फळा पुसायला वळलो.
फळा कोराच होता.

परत वळलो तर ओळ जागेवर.
तो खाली मान घालून टाइप करत होता.
पहिल्या बटणाखाली दुसरं बटण: नळ गया.
"सर, उना ते मोजं.
गया ते बी मोजाले जोयजे."
उतार असेल तर पाणी आधी येईल,
पण किती वेळ थांबलं, हे उतार ठरवत नाही,
एवढं त्याने बोलून दाखवलं नाही.
मला कळायला घरी जावं लागलं.

पुढचे दोन रविवार दाट तिथी.
मंगळवारी दुकानात शालिक आले,
फोनची काच तडकलेली.
नवी काच लावेपर्यंत
समोरची बंद घड्याळं बघत उभे राहिले.
"पोरगा बोलत नही घरमा," म्हणाले.
ऐंशी रुपये मोजून ठेवले.
पायरीवरून वळले:
"ते दुसरं बटन कोनी टाकं?"

"पोरेस्नी," मी म्हणालो.
"बरं शे."

पण गेले नाहीत. फोन पुन्हा पुढे केला.
काचेखाली एक बुडबुडा राहिला होता.
मी अंगठ्याने दाबत राहिलो,
कडेकडे ढकलत राहिलो.
तो नुसता जागा बदलत होता.